चार जबड्यांची तार

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता मशीन शॉपमधली चक-की हरवली. पण ती हरवली आहे असं म्हणायची सोय नव्हती.

लेथवर लोखंड फिरवायचं तर आधी ते कुणीतरी घट्ट धरून ठेवावं लागतं. हे काम चक करतो. हावड्याच्या त्या सरकारी दुरुस्ती कारखान्यातल्या मोठ्या लेथच्या चकाला चार जबडे होते आणि चारही स्वतंत्र वृत्तीचे. एक आवळला म्हणून दुसरा आपण होऊन हलायचा नाही. प्रत्येकाची वेगळी समजूत घालावी लागे, आणि ती घालायला इंग्रजी टी अक्षरासारखी वीतभर लांब, चौकोनी टोकाची एक जडशीळ लोखंडी चावी होती. हीच चक-की. कारखान्यातले बंगाली, बिहारी आणि एकुलता एक मराठी, सगळे तिला चक-कीच म्हणत. फक्त प्रत्येकाच्या तोंडात गेल्यावर ती थोडी बदलायची.

एकुलता एक मराठी म्हणजे श्यामकांत रिसबूड. वय सत्तावीस, असिस्टंट इंजिनियर, प्रोबेशनवर. सोमवारी दिल्लीहून टंडनसाहेब तपासणीला येणार होते. त्यांनी सही केली की श्यामकांत कायम. नाही केली तर पुण्याला परत, थोरल्या भावाच्या वर्कशॉपमध्ये. थोरला भाऊ प्रमोद आत्ताच त्याला पत्रात 'आमचे सरकारी साहेब' असं लिहायचा. परत गेल्यावर हे जन्मभर, तेही समोरासमोर ऐकावं लागलं असतं. शिवाय शैलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, भवानीपूरच्या फ्लॅटला नुकतेच नवे पडदे शिवले होते, आणि ते पुण्याच्या घराच्या खिडक्यांना आखूड पडणार होते.

चक-कीबद्दल दिल्लीहून एक सर्क्युलर आलेलं होतं. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात एकाने चावी चकात तशीच ठेवून मशीन चालू केलं. चावी उडाली आणि मॅनेजरच्या केबिनमधल्या घड्याळात जाऊन रुतली. मॅनेजर वाचला; घड्याळात मात्र तेव्हापासून चार वाजून वीस मिनिटं झालेली होती. म्हणून नियम असा, की चावी चकात सोडू नये आणि काम संपल्यावर ती जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात असावी. कारखान्यातले बाकीचे सगळे अधिकारी कायम झालेले असल्यामुळे जबाबदार असा श्यामकांतच उरला होता.

"कल शाम को हम आपका टेबिल पर रखा," निमाईदा म्हणाला. निमाईदा हा तीस वर्षांचा जुना टर्नर. "तेल लगा था, इसलिए कागज में लपेटके रखा."

"टेबलावर काही राहिलं नव्हतं, निमाईदा," श्यामकांत हिंदीत म्हणाला. "लोडशेडिंग होतं तरी मी टेबल चाचपून, रिकामं करूनच उठलो."

आणि ते खरं होतं. त्या अंधारात त्याने आईने पुण्याहून कुणाबरोबर तरी पाठवलेलं चिक्कीचं पुडकंसुद्धा न विसरता पिशवीत टाकलं होतं.

दोघं नंदीसाहेबांकडे गेले. नंदीसाहेब वर्क्स मॅनेजर. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती न हलता काढायचा त्यांचा बेत होता.

"सर, चक-की हरवली."

"कौन बोला हाराया?" नंदीसाहेबांनी आधी दार लावलं. "हाराया बोलने से लॉस रिपोर्ट. लॉस रिपोर्ट में आपका एक्स्प्लनेशन. एक्स्प्लनेशन आपका फाइल में. फाइल सोमवार को टंडनसाहेब का हाथ में. अब बोलो रिशबुडबाबू, हाराया?"

"नाही."

"तो क्या हुआ?"

"दिसत नाहीये."

"ये ठीक है. दिखाई नहीं देने का कोई फॉर्म नहीं है."

अडचण एवढीच होती, की चकात पंपाचा एक चार इंची शाफ्ट आवळून बसलेला होता. त्याचं काम गुरुवारीच झालं होतं. पण चावीशिवाय जबडे सुटेनात आणि शाफ्ट निघेना. मशीन बंद ठेवलं तर लोक कारण विचारणार. तेव्हा नंदीसाहेबांनी हुकूम दिला, की मशीन चालू ठेवा.

"चालू रखके क्या करेगा, सर?" निमाईदाने विचारलं. "काम तो पूरा हो गया."

"और थोड़ा काटो."

निमाईदाने आणखी थोडं कापलं. मग आणखी थोडं. दुपारपर्यंत शाफ्ट तीन इंचांवर आला. पंपाच्या दृष्टीने तो वारला होता. पण मशीन चालू होतं.

समोरच्या गल्लीत दर तिसऱ्या दारात एक लेथ होतं. निमाईदाच्या मेव्हण्याचंही होतं. "अर्ध्या तासात नवी करून देतो, फक्त चक घेऊन या," असा त्याचा निरोप आला. चक गेटपासशिवाय बाहेर जाऊ शकत नव्हता आणि मेव्हणा गेटपासशिवाय आत येऊ शकत नव्हता. गेटपासवर कारण लिहावं लागे. शेवटी निमाईदाने साबणाच्या वडीवर चकातल्या चावीच्या भोकाचा ठसा नेला. त्यावरून झालेली चावी केसभर मोठी निघाली. घासली, तेव्हा केसभर लहान झाली. साबण तेवढा मेव्हण्याकडेच राहिला.

मग नंदीसाहेबांना सुचलं, की किरकोळ खरेदीत एक चावी घेऊन टाकावी. किरकोळ खरेदीत आधीचीचं काय झालं असं विचारत नाहीत. खरेदीवर घोषालबाबू होते. कॅन्टीनचा चहा-साखर आणण्यातून ते दोन महिन्यांपूर्वीच बढतीवर इकडे आले होते. लिहून दिलं तर पुरावा होतो, म्हणून श्यामकांतने त्यांना तोंडी सांगितलं.

"घोषालबाबू, एक चक-की. आजच्या आज. कुणाला बोलू नका."

"चाकी? एक?" घोषालबाबूंनी डोळे बारीक केले. "साइज?"

"मोठी. मजबूत."

फाटकावरच्या दरवानाच्या कानावर तेवढंच गेलं. तो मदतीला धावला. "चक्की तो मोड़ पर ही है, साहब. गेहूँ दीजिए, हम पिसवा लाते हैं."

संध्याकाळी घोषालबाबू घाम पुसत आले आणि त्यांनी टेबलावर एक गोल, जाड, तीन पायांचा लाकडी पोळपाट ठेवला.

"हे काय?"

"चाकी. शाल का लकड़ी. पूरा बड़ाबाजार घूमा."

बंगालीत पोळपाटाला चाकी म्हणतात, ही गोष्ट चौदा महिन्यांत श्यामकांतला कुणी सांगितली नव्हती. तो पोळपाटाकडे बघत राहिला. ते पाहून घोषालबाबू दुखावले.

"बेलुन, वो बेलन, आप बोला नहीं. जो बोला नहीं, वो हम लाता नहीं."

पण नंदीसाहेब खूश झाले. त्यांनी स्टॉक रजिस्टर मागवलं आणि 'चाकी, एक नग, मजबूत' ही नोंद स्वतः वाचली. "देखो रिशबुडबाबू, अब रजिस्टर में तो है!"

घरी आल्यावर श्यामकांतचं तोंड बघून शैलाने चहाबरोबर चिक्की पुढे ठेवली. आईच्या चिक्कीचे इतके सरळ, एकसारखे तुकडे त्याने जन्मात पाहिले नव्हते. एरवी ती वरवंट्याखालूनही हसत बाहेर यायची.

"ही कशी फोडलीस?"

"सासूबाईंची सगळी सोय असते," शैला म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. सासूच्या चिक्कीबद्दल नवऱ्यापाशी कमी बोलावं, हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती. "आज ऑफिसात काय झालं?"

"चावी हरवलीय."

"मग कुलूप फोडा."

श्यामकांतने चहा संपवला. चावी कशी असते ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. संसार असेच सुखाचे होतात.

शनिवारी सकाळी त्याला आठवलं, की प्रमोदकडे याच जातीचं लेथ आहे. म्हणजे चावीही याच जातीची असणार! कलकत्त्याला येणाऱ्या कुणाच्या हाती तिने रात्रीची मेल पकडली तर सोमवारी सकाळी हावड्याला उतरेल. त्याने तारघर गाठलं आणि इंग्रजीत तार केली: चक-की गेली, चार जबडे अडकले, सोमवारी तपासणी, तुमची ताबडतोब पाठवा. शब्द वाचवण्यासाठी त्याने 'चक' आणि 'की' जोडून एकच शब्द केला होता. वाटेत कुठल्याशा टेबलावर एक विचारी मराठी माणूस बसलेला असावा. असा शब्द जगात नसतो हे त्याने ओळखलं आणि तो सुधारून पुढे पाठवला.

प्रमोद सांगलीला गेला होता. तार शारदाबाईंच्या, म्हणजे आईच्या हाती पडली. तार म्हटल्यावर त्या आधी खाली बसल्या आणि मग भावाला बोलावून घेतलं. भाऊ भालचंद्र, श्यामकांतचा मामा, दातांचा डॉक्टर होता.

"चिक्की गेली," मामाने वाचलं. "म्हणजे पोटात गेली. पुढे म्हणतो, चार जबडे अडकले."

"अगं बाई! पण चार कुठले? घरात दोघंच तर आहेत."

"वरचा आणि खालचा. माणशी दोन," मामा शांतपणे म्हणाला. धंद्यातला हिशेब होता. "सोमवारी तपासणी आहे, म्हणजे तिथल्या डॉक्टरची वेळ घेतलेली दिसते. शेवटी लिहितो, तुमची ताबडतोब पाठवा."

"तुमची म्हणजे काय? आणखी चिक्की?"

"चारही जबडे अडकलेले असताना, ताई?"

"माझ्या हातची आहे. मागेल तो." पण लगेच त्यांचा चेहरा पडला. "भालू, माझी चिक्की कडक नसते रे. आजवर कुणी म्हटलं नाही."

हे खरं होतं. वीस वर्षांपूर्वी एका विहिणीने म्हटलं होतं, आणि त्या घराचं नाव त्यानंतर कुणी काढलं नव्हतं. शारदाबाईंनी चिक्कीचा भरलेला डबा घेतला, मामाने पकडी, कापूस आणि लवंगेचं तेल घेतलं, आणि दोघं कल्याणला जाऊन हावडा मेलमध्ये बसले.

रविवारीही निमाईदा ओव्हरटाइमवर कापत होता. मधूनमधून वीज जायची म्हणून शाफ्ट पुरला. सोमवारी सकाळी तो स्वेटर विणायच्या सुईएवढा झाला होता, आणि निमाईदा त्याच्याजवळ श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

इकडे भवानीपूरला शैलाने दार उघडलं, तर समोर सासूबाई आणि मामा.

"आ कर," मामा म्हणाला.

सुनेने कारण विचारायचं नसतं. शैलाने आ केला.

"हिचे दोन्ही सुटलेले आहेत. म्हणजे अडकलेले ते श्यामचे."

"कशात अडकलेले? ते तर ऑफिसात गेलेत," शैला म्हणाली. "आणि सासूबाई, चिक्की छान झाली होती हं. तुम्ही बरोबर ते हत्यार पाठवलंत ना, त्याने अगदी चुटकीसरशी फुटली."

"कसलं हत्यार?"

शैलाने चिक्कीच्या डब्यातून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि त्यातून टी अक्षराचं ते लोखंड बाहेर काढलं.

"माझ्या चिक्कीला हत्यार?" शारदाबाई कडाडल्या. "मी पाठवलं? माझी चिक्की दाताने तुटते! नुसती ओठांनी तुटते!"

मामा मात्र लोखंड हातात फिरवत होता. "ताई, अशी चावी प्रमोदच्या लेथवर पाहिलीये मी. चक-की म्हणतात हिला." मग त्याने खिशातली तार काढून पुन्हा वाचली, या वेळी सावकाश. वाचून झाल्यावर त्याने टॅक्सी बोलावली.

टंडनसाहेब बरोबर दहाला शॉपमध्ये आले होते. हातात चोवीस प्रश्नांची यादी होती. श्यामकांत पोळपाटासारखा चेहरा करून उभा होता. नंदीसाहेब त्याच्या मागे उभे होते, आणि हळूहळू अजून मागे जात होते.

"पहला सवाल. चक-की चक में तो नहीं छोड़ते?"

"बिल्कुल नहीं, सर," नंदीसाहेब मागून म्हणाले.

"चक से दूर रखते हैं?"

"बहुत दूर, सर."

"कितनी दूर?"

आता सगळे श्यामकांतकडे बघू लागले. खोटं बोलायचं नाही असं त्याने रात्रीच ठरवलं होतं. खोटं सुचत नव्हतं हेही एक कारण होतं.

"इतनी दूर, सर, कि चार दिन से किसी का हाथ नहीं पहुँचा."

टंडनसाहेबांनी चष्मा काढला. "चार दिन से आप लोग बिना चाबी के मशीन चला रहे हैं?"

"जी."

टंडनसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि श्यामकांतच्या खांद्यावर हात ठेवला.

"मैं छह साल से दिल्ली में यही कह रहा हूँ. खतरे की जड़ चाबी है! चाबी ही न रहे तो उड़ेगी क्या? किसी ने नहीं सुना. और यहाँ एक लड़के ने करके दिखा दिया." मग ते लेथवर वाकले. "यह क्या बन रहा है?"

निमाईदाने तोंड उघडलं. नंदीसाहेबांनी ते नजरेने मिटवलं. "पिन, सर. स्पेशल."

"चार इंच के लोहे से इतनी सी पिन! कितना सब्र है!" टंडनसाहेब म्हणाले. त्यांनी श्यामकांतची फाइल मागितली आणि पेनाचं टोपण काढलं.

आणि तेवढ्यात शारदाबाई आत आल्या. फाटकावर दरवानाने पास विचारला होता. त्यांनी 'आई' असं सांगितलं होतं. उजव्या हातात चक-की, डाव्या हातात डबा, मागे मामा आणि शैला.

"श्याम! ही घे तुझी..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पोराचा चेहरा त्यांनी सत्तावीस वर्षं वाचलेला होता. नंदीसाहेबांनी डोळे मिटले होते. निमाईदाचा हात आपोआप पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला.

"यह क्या है?" टंडनसाहेबांनी विचारलं. पेन कागदापासून दोन बोटं वर थांबलं होतं.

श्यामकांत मनात हिशेब करत होता. चावी म्हणावं तर बिनचावीचा कारखाना बुडाला, आणि सरकारी चावी अधिकाऱ्याच्या घरून कशी आली याचा जबाब द्यायचा. शारदाबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा त्या पेनाकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खोचला.

"ये चिक्की फोडने का है," त्या म्हणाल्या. "मेरी चिक्की..." इथे त्यांना आवंढा गिळावा लागला. "मेरी चिक्की बहुत कडक होती है. ऐसे फूटती नहीं."

मामाने मान खाली घातली. त्या एका वाक्याची किंमत घरच्यांनाच माहीत होती.

"दिखाइए," टंडनसाहेब म्हणाले.

"काहीतरी खाली ठेवायला हवं," शैला म्हणाली.

घोषालबाबूंचा क्षण आला होता. "चाकी है, सर! स्टॉक में है!" असं ओरडत ते धावत गेले आणि पोळपाट घेऊन आले. चाकीवर चिक्की ठेवली गेली, आणि शारदाबाईंनी चक-की दोन्ही हातांनी उचलून एकच घाव घातला. वार पोटच्या लेकरावर घालावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. चिक्कीचे सहा तुकडे झाले.

टंडनसाहेबांनी एक खाल्ला. "वाह." दुसरा खाल्ला. यादीतल्या दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवून त्यांनी तिसरा तोंडात टाकला, आणि 'कट्' असा आवाज आला.

तो चिक्कीचा नव्हता.

"कुणी हलू नका," मामा म्हणाला, आणि पहिल्यांदाच सगळ्यांना तो दिसला. त्याने टंडनसाहेबांना एका खोक्यावर बसवलं, तुटलेल्या दाढेचा तुकडा काढला, लवंगेचं तेल लावलं आणि तोंडात भरपूर कापूस कोंबला. "तासभर बोलायचं नाही."

उरलेले तेवीस प्रश्न विचारता येण्यासारखे राहिले नाहीत. टंडनसाहेबांनी कळवळून सगळ्यांकडे पाहिलं आणि फाइलवर सही केली. त्याच वेळी वीज गेली. लेथ थांबलं, आणि निमाईदाने चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला. सुई मोडली.

श्यामकांत कायम झाला. शारदाबाई आठवडाभर राहिल्या. त्या आठवड्यात त्यांनी चिक्की केली नाही आणि कुणी विषय काढला नाही. जायच्या आदल्या दिवशी शैलाने आपण होऊन कढईत गूळ घातला आणि म्हणाली, "सासूबाई, पाक बघता का? माझा मऊ होतो." तेव्हा कुठे त्या उठल्या.

महिन्याभराने दिल्लीहून सर्क्युलर आलं. हावड्याचा आदर्श समोर ठेवून देशातल्या सर्व संबंधित कारखान्यांनी आपापल्या चक-क्या ताबडतोब दिल्लीला जमा कराव्यात. त्यानंतर लोखंड चकात कसं आवळायचं आणि कसं सोडवायचं, याबद्दल सर्क्युलरमध्ये काही म्हटलेलं नव्हतं. ठिकठिकाणी शाफ्ट सुईएवढे होऊ लागले आणि दिल्लीला त्यांची कौतुकं पोचू लागली.

हावड्याला मात्र तशी वेळ आली नाही. घोषालबाबूंनी कॅन्टीनच्या खात्यात 'चिक्कीफोडणं, पूना पॅटर्न, लोखंडी, चौकोनी टोकाचं, एक नग' अशी नोंद केली, आणि निमाईदा ते रोज सकाळी कॅन्टीनमधून उसनं आणून संध्याकाळी परत करू लागला. इतर कारखान्यांनी चौकशी केली. समोरच्या गल्लीत निमाईदाच्या मेव्हण्याला दिवसरात्र काम पुरेनासं झालं. इतक्या कारखान्यांतले कामगार इतकी चिक्की खातात, याची दिल्लीने अर्थातच दखल घेतली.

पावसाळ्यात नवं सर्क्युलर आलं. टंडनसाहेबांचीच सही होती. नियम एकच होता:

चिक्की फोडून झाल्यावर फोडणं चिक्कीत तसंच सोडू नये.